सरूच्या हातचं अर्थिंग

त्या वर्षी, म्हणजे २००४ च्या उन्हाळ्यात, माझ्या वायरलेस सेटमध्ये गुणगुण येऊ लागली आणि माझ्या बायकोच्या, सरूच्या, पायाला मुंग्या येऊ लागल्या. सेट मी अकरा वेळा उघडला. सरूला डॉक्टरकडे एकदाच नेलं. दोन्ही दुखणी एकाच जागेतून येत होती हे कळायला मला सव्वा महिना लागला. तारांवर पोट भरलेल्या माणसाला इतका वेळ लागावा, याची लाज मला आजही वाटते.

मी सयाजी बोऱ्हाडे, मुक्काम शिनोली. घोडेगावहून भीमाशंकरला निघालात की लागतं ते गाव. नोकरी टेलिफोन खात्यात, लाईनमनची. पंचेचाळिशीत हॅम रेडिओचं खूळ डोक्यात शिरलं. हॅम म्हणजे सरकारची परीक्षा देऊन, लायसन काढून, घरच्या सेटवरून लांबलांबच्या माणसांशी बोलणारे हौशी लोक. १९९४ साली लायसन हातात पडलं तेव्हा जुन्नरच्या जलालभाईंनी मला सेट जुळवून दिला. जलालभाईंचं जुन्नरला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, आणि तेही लायसनवाले. तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला आम्ही दोघं चाळीस मीटर बँडवर भेटायचो. मध्ये डोंगर, पण आवाज इतका स्वच्छ यायचा की त्यांच्या दुकानातला पंखा कुरकुरला तर मी इथून सांगायचो, तेल घाला.

हौशी माणसाचं स्टेशन म्हणजे नुसता सेट नव्हे. अंगणात चाळीस फुटी लोखंडी पाइप, त्यावर अँटेना, आणि या सगळ्याच्या मुळाशी अर्थिंग. वीज आभाळातली असो की सेटमधली भरकटलेली, तिला मुकाट्यानं जमिनीत नेऊन सोडणारी वाट. आमचं अर्थिंग मी स्वतः खणलं होतं. आठ फूट खड्डा, तळाशी तांब्याची प्लेट, वर कोळशाचे आणि मिठाचे थर, आणि पाणी आत सोडायला मधोमध एक नळी. प्लेटपासून तांब्याची एक पट्टी वर यायची. दुसरी पट्टी सेटकडून आणि पाइपकडून भिंतीच्या कडेनं, मातीखालून यायची. दोघींची गाठ विटांच्या एका छोट्या हौदात, एकाच बोल्टनं बांधलेली. वर शहाबादी फरशीचं झाकण. जलालभाईंनी कुठून तरी मोजायचं यंत्र मागून आणलं आणि दोनदा मोजून म्हणाले, "सयाजीभाऊ, एक ओहमच्या आत हाय. असं अर्थिंग कारखान्यातबी घावायचं नाय."

ते वाक्य मी दहा वर्षं वापरलं. दूध डेअरीवर, न्हाव्याच्या खुर्चीत, लग्नाच्या पंगतीत. जमिनीत वीज इतकी सहज उतरणारी जागा उभ्या तालुक्यात नाही, असं मी ऐकणाऱ्यालाही सांगायचो आणि न ऐकणाऱ्यालाही. पुन्हा मोजलं मात्र कधीच नाही. एकदा पास झालेल्या पोराची कोण फेरपरीक्षा घेतो.

अर्थिंग जिवंत ठेवायचं तर जमीन ओली लागते. ते काम सरूचं. रोज दिवेलागणीला तुळशीला पाणी घातलं की उरलेली कळशी ती शेजारच्या नळीत ओतायची आणि आत येऊन सांगायची, "आले तुमच्या लाडकीला पाणी घालून." रेडिओला ती कधी लाडकी म्हणायची, कधी माझी सवत. पावसाच्या तोंडावर वर्षातून एकदा बोल्ट काढून दोन्ही पट्ट्या घासाव्या लागत, नाही तर तांब्यावर हिरवट थर चढतो. पहिल्या वर्षी मी पॉलिशपेपर आणला. सरूनं तो बाजूला ठेवला आणि देवाची भांडी घासतात तशा चिंच-मिठानं घासून पट्ट्या लखलखीत केल्या. त्यानंतर दरवर्षी पाना तिच्याच हातात. बोल्ट कुठं अडतो, कसा सुटतो, हे माझ्यापेक्षा तिला जास्त माहीत. माझा नियम एवढाच होता, की हे काम सकाळी करायचं, आणि सेट बंद करून अँटेना सुटी केल्याशिवाय बोल्टला हात लावायचा नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या स्टेशनला परक्याचा हात लागलेला मला खपत नसे. एकदा वृषालीनं, आमच्या मुलीनं, पाइपाच्या ताणाच्या तारेवर ओली चादर वाळत घातली, तर मी घर डोक्यावर घेतलं होतं. लग्न होऊन ती चाकणला गेली, पण माहेरी आली की अजून त्या तारेला वळसा घालून चालते. घरातली माणसं मला वचकून असतात याचा तेव्हा मला मनातून अभिमानच वाटायचा.

त्या उन्हाळ्यात आमच्या भागात बिबट्यानं उच्छाद मांडला होता. ऊस वाढला तसा तो उसातच राहायला आला. भिंतीपलीकडच्या गेणभाऊंच्या गोठ्यातून त्यानं दिवेलागणीला, माणसं दारात असताना, कालवड ओढून नेली. दुसऱ्या दिवशी उसाच्या बांधावर नुसती घंटा सापडली. तेव्हापासून गेणभाऊंची बायको धोंडाबाई अंधार पडायच्या आत दार लावून घ्यायची, आणि गेणभाऊ गोठ्याच्या तोंडाशी पत्र्याचा डबा बडवत बसायचे. त्यात भारनियमन. गावठाणाची लाईट साडेसहाला जायची ती नऊला उगवायची. शेतीपंपांची लाईन वेगळी, आणि तिची पाळी नेमकी त्याच वेळात. म्हणजे विहिरीवर वीज आणि घरात काळोख.

आठवड्याभरात गेणभाऊंच्या गोठ्यात उंच मेढीला दोनशेचा बल्ब लागला. गावात अंधार आणि तेवढा एक गोठा झगझगीत. पंपाच्या लाईनवर आकडा टाकला असणार हे सांगायला जोशी नको होता. मी कानाडोळा केला. जनावरं जगली पाहिजेत, असं मीच सरूला म्हणालो. खरं तर बल्बाला दोन तारा लागतात. एक वीज आणणारी, एक परत नेणारी. आमच्याकडच्या पंपाच्या लाईनवर तिन्ही तारा आणणाऱ्याच, परतीची तार तिथं नसते. मग लोक जमिनीत सळई ठोकतात आणि जमिनीलाच परतीची तार करतात. आमच्या मुरमाड जमिनीत सळईवर बल्ब लागतो तो काजव्याएवढा. गेणभाऊंचा बल्ब झगझगीत होता. रोज खिडकीतून तो मला दिसत होता, आणि त्याची दुसरी तार कुठं गेली असेल हा प्रश्न मला पडला नाही.

एप्रिलच्या शेवटी जलालभाई एकदा बोलता बोलता थांबले. "सयाजीभाऊ, तुमच्या आवाजाच्या मागं कायतरी घुमतंय."

"तुमच्या दुकानातला पंखा असंल," मी म्हणालो.

"पंखा बंद हाय. लाईट नाय हितं. भुंगा डबीत कोंडल्यावानी आवाज हाय."

मी इयरफोन कानाला घट्ट दाबले. ऐकताना मलाही ती ऐकू आली. खाली, सगळ्या आवाजांच्या तळाशी, एकसुरी गुणगुण. चढ नाही, उतार नाही, थांबणं नाही. ऐकलेच नसते तर बरं झालं असतं असं काही आवाजांबद्दल वाटतं, तसं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सेट टेबलावर पालथा घातला. फिल्टरचे जुने कंडेन्सर काढून नवे लावले. गुणगुण राहिली. अँटेनाची केबल टोकाशी कापून नवी पिन लावली. राहिली. माईकची वायर बदलली, रिले घासला, संशय येईल तो जोड पुन्हा डाग देऊन पक्का केला. पारगावच्या कारखान्याच्या मोटारींना शिव्या घातल्या, तेव्हा जलालभाईंनी आठवण करून दिली की गाळप बंद होऊन महिना झाला. प्रत्येक दुरुस्तीनं सेट आधीपेक्षा चांगला होत होता. आवाज खणखणीत, काटा स्थिर. आणि सेट जितका साफ होत गेला तितकी ती गुणगुण जास्त उघडी पडत गेली.

सेट भारनियमनात मी ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर चालवायचो. लॉगबुकात रोज तारीख, वेळ, कुणाशी बोललो, आवाज कसा, हे लिहायची शिस्त असते. त्यात मी आता आणखी एक रकाना आखला. गुणगुण सुरू, सहा चाळीस. गुणगुण सुरू, सहा पस्तीस. लिहीत गेलो. वाचलं नाही.

त्याच दिवसांत सरू एकदा पाणी घालून आली आणि उंबऱ्यात बसून तळवे चोळू लागली. "अहो, खड्ड्यापाशी गेलं की पायात मुंग्या येत्यात. कळशी नळीला टेकली की हाताला झिणझिण्या."

"गार पाण्यात हात घालतीस सारखा," मी डाग देता देता म्हणालो.

"दुसऱ्या पाण्यानं नाय व्हत. तिथंच व्हतंय."

"वय झालं आता तुझं."

"माझंच झालं का?" ती हसली आणि आत गेली.

आठ-दहा दिवसांनी मुंग्या वाढल्या तेव्हा मी तिला घोडेगावला नेलं. डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली, जीवनसत्त्वाची कमतरता आहे म्हणाले, पाच इंजेक्शनं लिहून दिली. तिथंच का येतात मुंग्या, हे तिनं त्यांनाही सांगायचा प्रयत्न केला. मी मध्येच म्हणालो, की तिला प्रत्येक गोष्टीला जागा लागते. डॉक्टर हसले. ते हसणं मी अजून विसरलेलो नाही.

मग गांडुळं आली. मे महिन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात खड्ड्याभोवतीच्या ओल्या मातीतून संध्याकाळी गांडुळं वर यायची, वळवळायची आणि तुळशीच्या कट्ट्याकडं सरकायची. सरूनं मला हाताला धरून नेऊन दाखवलं. मी चपला घालून उभा होतो, मला काहीच जाणवलं नाही. धोंडाबाई भिंतीवरून डोकावून म्हणाली, "पाऊस लवकर येतोय बघा औंदा." मलाही ते पटलं. आमच्या कोंबड्या त्या कोपऱ्यात फिरकेनाशा झाल्या होत्या, हे त्या वेळी डोळ्यांना दिसत होतं, पण डोक्यात शिरलं नाही.

जलालभाईंशी माझं त्याच सुमारास वाजलं. ते म्हणाले, एकदा अर्थिंग मोजून घ्या, दहा वर्षं झाली. मी म्हणालो, माझ्या अर्थिंगला नावं ठेवायच्या आधी आपले कान तपासून घ्या. भलत्या माणसाला भलतं बोललो. तीन संध्याकाळी मी सेट लावला नाही. चौथ्या दिवशी त्यांनीच पीसीओवरून शेजारी फोन करून निरोप ठेवला, की वहिनींची तब्येत कशी आहे. मग मी वरमलो आणि सातला बँडवर गेलो.

"गुणगुण वाढलीय," ते म्हणाले. बाकी कसलाच उल्लेख नाही.

मला त्यांचं म्हणणं मनातून पटायला लागलं होतं. पट्ट्यांवर थर चढला असेल, बोल्ट ढिला झाला असेल, गाठ कच्ची असली की सेट घुमतो. तसंही पाऊस तोंडावर होता. घाटघरकडच्या डोंगरांवर ढग बसायला लागल्याचं जलालभाई सांगत होते. बोल्ट काढून पट्ट्या घासायच्या. पण सकाळी गुणगुण नसते. सकाळी घासून उपयोग काय? गुणगुण चालू असताना बोल्ट सोडला, आणि त्याच वेळी मी कानाला इयरफोन लावून बसलो, जलालभाई तिकडून ऐकत राहिले, तर रोग नेमका कुठं आहे ते कळेल. मला ही युक्ती इतकी आवडली की दहा वर्षांचा नियम मी एका संध्याकाळपुरता बाजूला ठेवला. सेट चालू, अँटेना लावलेली, वेळ सातची, आणि पाना सरूच्या हातात.

"सकाळी करू की," ती म्हणाली. तिनं वाटीत चिंच भिजत घातली होती, मीठ काढून ठेवलं होतं.

"सकाळी न्हाई चालायचं. तू नुसता बोल्ट सोड आन् पट्ट्या बाजूला कर. मग घास निवांत."

"पाय लई मुंग्यावतात हो तिथं संध्याकाळचं."

"चप्पल घाल."

"तुळशीपाशी चप्पल? काय बोलता." तिनं पदर खोचला, वाटी उचलली. दारात थांबली. "अहो, एक सांगायचं व्हतं."

"सात वाजलेत, सरू. मग सांग."

ती गेली. माझी खोली अंगणाच्या कडेलाच, खिडकीतून खड्डा दहा पावलांवर. गावात अंधार उतरत होता. भिंतीपलीकडच्या बल्बाचा उजेड आमच्या अंगणावर तिरका पडला होता आणि त्या उजेडात सरू उकिडवी बसून फरशी सरकवताना मला दिसत होती. सकाळपासून तिनं हौदात आणि भोवतीच्या मातीत दोन कळशा जास्त ओतल्या होत्या, बोल्ट सैल व्हावा म्हणून.

"जलालभाई, आलात का?"

"आलो, सयाजीभाऊ. जोरात घुमतंय आज."

"सरू बोल्ट सोडतीय. सुटला की आवाज कमी व्हतो का वाढतो, तेवढं सांगा."

"सांगतो." मग म्हणाले, "भाऊ, तुमच्याकडं लाईट हाय का आत्ता?"

"न्हाई. साडेसहालाच गेली."

"सेट कशावर हाय?"

"बॅटरीवर. रोजच्यावानी."

मग त्यांचा आवाज आला, हळू, विचार करत बोलणाऱ्या माणसाचा. "बॅटरी घुमत नसती, सयाजीभाऊ. ही लाईटीची गुणगुण हाय. तुमच्या घरात लाईटच न्हाई, तर ही लाईट तुमच्या सेटात येती कुठनं?"

मी लॉगबुक ओढलं. कंदिलाच्या उजेडात माझाच रकाना मला पहिल्यांदा नीट दिसला. सहा चाळीस. सहा पस्तीस. सहा चाळीस. महिनाभराची पानं उलटली, सगळीकडे तेच. लाईट गेली की दहा मिनिटांत गुणगुण सुरू. लाईट असताना एकदाही नाही. सगळ्या गावाची वीज बंद झाल्यावर माझ्या स्टेशनात वीज येत होती. कुठून तरी, रोज, वेळेवर. आणि सरू रोज त्याच वेळी अनवाणी पायांनी तिथं पाणी घालत होती.

मी मान वर केली. हाक मारायला तोंड उघडलं, त्याच क्षणी कानातली गुणगुण थांबली.

"गेली," जलालभाई म्हणाले. "सयाजीभाऊ, गेली बघा. एकदम साफ झाला आवाज."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला आनंद झाला. महिनाभर छळणारा आवाज गेला होता आणि बँड धुतल्यासारखा मोकळा होता. मग लक्षात आलं की अंगणातला उजेडही गेला आहे. मी वर पाहिलं. गेणभाऊंच्या मेढीवरचा बल्ब विझला होता, पण पुरता विझला नव्हता. काचेच्या आतली तार लालसर दिसत होती, विझत आलेल्या विडीएवढी.

तेवढ्यावरून मला सगळं कळलं. गेणभाऊंच्या बल्बाची परतीची तार माझ्या पट्टीला बांधलेली होती. बोल्ट सुटला तशी परतीची वाट तुटली, म्हणजे बल्ब पूर्ण विझायला हवा होता. तो लाल राहिला होता. सुटलेल्या दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीतरी होतं आणि वीज त्यातून जात होती. मध्ये काय होतं ते मला दिसत होतं. एका हातात एक पट्टी, दुसऱ्या हातात दुसरी, हात चिंचेनं आणि मिठानं ओले, पाय चिखलात. सरू बसल्या जागी ताठ झाली होती आणि तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता.

तिला हात लावायचा नाही, एवढं भान मला होतं. लाईनमनला पहिल्या दिवशी तेच शिकवतात. इयरफोन फेकून बाहेर धावलो. अँटेनाची दोरी वर चढवायचा वाळका बांबू भिंतीला टेकवलेला होता, तो उचलला आणि सेटकडून येणाऱ्या पट्टीवर हाणला. एकदा बसला नाही. दुसऱ्यांदा पट्टी तिच्या मुठीतून सुटली आणि भिंतीपलीकडचा तो लाल ठिपका विझला. अंगणात मिट्ट काळोख झाला. सरू कुशीवर कलंडली. आतून, टेबलावर पडलेल्या इयरफोनमधून, बारीक आवाज येत होता. जलालभाई विचारत होते, सयाजीभाऊ, काय केलंत, सांगा तरी.

मी तिची छाती दाबत होतो, तोंडानं श्वास देत होतो, नाव घेत होतो. त्या काळोखात भिंतीवरून बॅटरीचा झोत आला आणि गेणभाऊंचा आवाज.

"सयाजीराव, तुमचं आर्थिंग सुटलं का काय? माझी लाईट गेली."

मग झोत खाली सरकला आणि त्यांना सरू दिसली.

जीप त्यांनीच आणली. मागच्या बाकावर सरूचं डोकं माझ्या मांडीवर, समोर गेणभाऊ, घोडेगाव येईपर्यंत सहा किलोमीटर. पहिल्या दोन किलोमीटरांत मला कळलं होतं की घाई करण्यासारखं आता काही राहिलेलं नाही. मी ड्रायव्हरला तसं सांगितलं नाही. तो जोरात हाकत होता, हाकू दिलं.

गेणभाऊ ओक्साबोक्शी रडत होते. मला त्यांचा राग यायला हवा होता. मी तो शोधला, सवयीनं, आणि सापडला नाही.

"पट्टीला तार बांधायची अक्कल कुनी दिली तुमाला?" मी विचारलं.

"तुमीच म्हनायचे की सयाजीराव. डेअरीवर. वीज उतराया अशी जागा तालुक्यात न्हाई. माझ्या सळईवर बल्ब लागंना. धोंडा भिऊन मरायला टेकली व्हती. भिताडाच्या कडंला माती उकरली तर तुमची पट्टी घावली." त्यांनी नाक पुसलं. "चोरून न्हाई हो बांधली. मी वैनींना इचारलं व्हतं."

जीप आदळली, तसं मी सरूचं डोकं सावरून धरलं.

"वैनी म्हनल्या, घ्या, जमिनीतच जातीया न्हवं, आमचं काय जातंय. मुकी जनावरं हायेत. फकस्त ह्यांच्या कानावर एवढ्यात घालू नका, त्यांच्या वायरलेसला कुनी हात लावलेला त्यांना खपत न्हाई, लई चिडत्यात. मीच येळ बघून सांगते म्हनल्या."

तिनं वेळ बघितली होती. सव्वा महिना बघत होती. पाय चोळत उंबऱ्यात बसली तेव्हा बघितली असेल, दवाखान्यातून येताना एसटीत बघितली असेल. आज दारात थांबून बघितली, आणि मी म्हणालो, मग सांग.

मी चिडलो नाही. गळ्यातला पंचा काढला आणि तिचे हात पुसायला घेतले. चिंच वाळून बोटांना चिकटली होती, ती काही केल्या निघत नव्हती.